लाल बोर्डचा १.८ इंची रंगीत डिस्प्ले: काय मिळतं, कुठं अडतं

लाल बोर्ड, त्यावर १२८ बाय १६० ठिपक्यांची रंगीत काच, एका कडेला आठ पिना आणि समोरच्या कडेला एसडी कार्डासाठी चार भोकं. नाशकात कॉलेजच्या प्रोजेक्टपासून अंबडच्या शेडमधल्या नग मोजणाऱ्या डब्यापर्यंत कुणालाही ‘छोटा रंगीत डिस्प्ले’ हवा असला की बहुतेक वेळा हाच हातात पडतो. आत सिट्रॉनिक्सचा एसटी७७३५ कंट्रोलर, म्हणजे काचेवरचे ठिपके रंगवणारी चिप. किंमत साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या दरम्यान, दुकान आणि लॉट पाहून.

निकाल आधीच सांगून टाकतो. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको अशा प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डासोबत, घरात किंवा शेडच्या सावलीत वापरायचा असेल तर पैसे वसूल. अर्डुइनो उनो बोर्डासोबत चालतो, पण ओढूनताणून. उन्हात लावायचा असेल तर घेऊच नका.

पुढचं सगळं एका ठरावीक कामाला धरून लिहिलंय: कांदा चाळीत भिंतीवर टांगायचा, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डबा. साठवलेल्या कांद्याला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आकडा त्याबाहेर गेला की हिरव्याचा लाल व्हावा, एवढंच मागणं. चाळीच्या दारातून आत न जाता रंग कळतो, म्हणून एकरंगी ओएलईडी सोडून रंगीत डिस्प्ले. सेन्सर कुठलाही लावा, डिस्प्लेला त्याचं सोयरसुतक नाही.

आधी बोर्ड नीट पाहून घ्या. हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, बहुतेक वेळा सुट्टाच येतो, म्हणजे सोल्डरिंग आलंच. एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या सामानात सोल्डर वायर आणि फ्लक्स मिळून जातं. बारीक वायर घ्या, जाडीनं पिनांच्या मधे पूल होतात. पिना नुसत्या भोकात खोचून ‘आधी चालतो का बघू’ हा प्रकार टाळावा. अर्धा वेळ संपर्क येतो, अर्धा वेळ नाही, आणि दोन तास कोड तपासण्यात जातात.

पिनांची नावं फसवी आहेत. क्रमानं एलईडी, एससीके, एसडीए, ए-झीरो, रीसेट, सीएस, ग्राउंड, व्हीसीसी. एससीके म्हणजे क्लॉक, सीएस म्हणजे ‘आता तुझ्याशी बोलतोय’ हे चिपला सांगणारी वायर. यातली ‘एसडीए’ ही आय-टू-सी या दोन वायरींच्या जोडणीतली एसडीए नव्हे, ती एसपीआय या वेगवान जोडणीची, बोर्डकडून डिस्प्लेकडे जाणारी डेटा लाइन, म्हणजे मोसी. आणि ‘ए-झीरो’चा अ‍ॅनालॉगशी काडीचा संबंध नाही, येणारा बाइट हुकूम आहे की चित्राचा डेटा, हे सांगणारी ती वायर. बाकीच्या बोर्डांवर तिलाच डीसी किंवा आरएस म्हणतात. नवख्या पोरांच्या जोडणीत ती हमखास उनोच्या ए-झीरोवर लावलेली दिसते. तसं लावून चालतही नाही असं नाही, कारण उनोची ती पिन डिजिटल म्हणूनही वापरता येते. पण कोडमध्ये ९ लिहिलेलं असतं आणि वायर भलतीकडे, मग पांढरा पडदा.

बोर्डवर तीन पायांचा रेग्युलेटर आणि जे-१ नावाचे दोन छोटे पॅड शोधा. पॅड उघडे असतील तर व्हीसीसीला ५ व्होल्ट द्यायला हरकत नाही, रेग्युलेटर ते ३.३ वर आणतो. पॅड सोल्डरनं जोडलेले असतील तर रेग्युलेटर वगळलाय, तिथं फक्त ३.३ व्होल्ट. उघड्या पॅडच्या बोर्डला ३.३ दिले तर रेग्युलेटरमध्ये थोडा दाब खाल्ला जातो आणि काचेला कमी पोचतो. बहुतेक नग तरी चालतात, पण रंग फिके दिसले तर कारण तिथं शोधा.

रेग्युलेटर आहे म्हणजे सगळा बोर्ड ५ व्होल्टचा झाला, हा मात्र गैरसमज आहे. तो फक्त वीजपुरवठ्याचं बघतो. एससीके, एसडीए, ए-झीरो, रीसेट, सीएस या पाचही वायरा थेट काचेमागच्या चिपला जातात आणि चिप ३.३ व्होल्टची. उनो मात्र पिनेवर ५ व्होल्ट ढकलतो. थेट जोडलेला डिस्प्ले चालताना दिसतो, महिनाभर चालतोही, आणि मग एके दिवशी पांढरा. दुकानदाराच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही.

उनो वापरायचाच असेल तर पाचही वायरांत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाका. चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून जाणारा करंट त्यानं मर्यादित होतो. बरेच जण इथं १० किलोओहम लावतात आणि मग चित्रात कचरा येतो. पिन आणि वायर मिळून २० पिकोफॅरड धरले तर १० किलोओहमला २०० नॅनोसेकंदांचा वेळ लागतो आणि ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचं एक आवर्तन असतं १२५ नॅनोसेकंदांचं. सिग्नल वर चढायच्या आत खाली यायची वेळ होते. १ किलोओहमला तोच वेळ २० नॅनोसेकंद. त्याहून नीट हवं असेल तर प्रत्येक वायरीवर १.८ आणि ३.३ किलोओहमचा डिव्हायडर, ५ चे सुमारे ३.२४ व्होल्ट होतात. सगळ्यात चोख उपाय ७४एचसी४०५० चिप, ३.३ वर चालवलेली. चार चॅनेलचा जो छोटा मॉसफेटवाला लेव्हल शिफ्टर सगळीकडे मिळतो तो आय-टू-सीसाठी ठीक. त्यातले १० किलोओहमचे पुल-अप एसपीआयच्या वेगाला पुरत नाहीत.

ईएसपी३२ला यातलं काहीच लागत नाही, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्याच. जोडणी अशी: एससीके १८ला, एसडीए २३ला, सीएस ५ला, रीसेट ४ला, ए-झीरो २ला, व्हीसीसी जे-१ उघडा असेल तर ‘व्हीआयएन’ला, ग्राउंड ग्राउंडला, एलईडी ३.३ला. बऱ्याच डेव्हकिटवर २ नंबरच्या पिनेवर बोर्डचा निळा दिवा असतो. पडद्यावर काही रंगवलं जाताना तो मंद लुकलुकतो. बिघाड नव्हे, ए-झीरोची वरखाली दिसते एवढंच. खटकत असेल तर १६ किंवा १७ वापरा, मात्र मॉड्यूल ‘रोव्हर’ जातीचं असेल तर त्या दोन पिना आतल्या जादा मेमरीत गुंतलेल्या असतात. ६ ते ११ला हात लावू नका, त्यांवर फ्लॅश चिप आहे. ३४ ते ३९ फक्त इनपुट, त्यांवरून डिस्प्लेला काही पाठवता येत नाही. आणि १२ नंबर बूट होताना वर ओढला गेला तर ईएसपी३२ फ्लॅशचा व्होल्टेजच चुकीचा धरतो आणि उठत नाही.

वायरा १० ते १५ सेंटिमीटरपर्यंत ठेवा. ब्रेडबोर्डवर ३० सेंटिमीटरच्या जंपरनं ८ मेगाहर्ट्झला ठणठणीत चालणारा पडदा २७ला ठिपके ओकतो.

लायब्ररीचं बोलायचं तर दोनच नावं कामाची. पहिली अ‍ॅडाफ्रूटची, एसटी७७३५ आणि एसटी७७८९ या दोन्हींची मिळून एक, सोबत आकार आणि अक्षरं काढणारी त्यांचीच जीएफएक्स. नवीन नग आला की आधी हिचंच ‘ग्राफिक्सटेस्ट’ उदाहरण चालवा, उनो असो वा ईएसपी३२. इथं एक बारीक खाच आहे. ऑब्जेक्ट बनवताना सीएस, डीसी, रीसेट असे तीनच आकडे दिले तर हार्डवेअर एसपीआय वापरलं जातं. मोसी आणि क्लॉक धरून पाच दिले तर तीच लायब्ररी एकेक बिट सॉफ्टवेअरनं ढकलते. चित्र बरोबरच येतं, पण पडदा वरून खाली पडदा ओढल्यासारखा भरताना डोळ्यांनी दिसतो. ‘डिस्प्ले स्लो आहे’ अशा तक्रारींपैकी कितीतरी इथंच मिटतात.

दुसरी टीएफटी-ईएसपीआय. ईएसपी३२, ईएसपी८२६६, पिको यांच्यासाठी. उनोवर चालत नाही. वेगवान आहे, स्प्राइटची (मेमरीत चित्र तयार करून एकदम टाकायची) सोय आहे, पण सेटिंग स्केचमध्ये, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅममध्ये, नसून लायब्ररीच्या फोल्डरातल्या ‘यूजर सेटअप’ फायलीत असतं. ती फाईल मुळात आयएलआय९३४१ हा दुसराच कंट्रोलर आणि नोडएमसीयू बोर्डच्या पिना धरून येते. त्यामुळे लायब्ररी टाकली, उदाहरण उघडलं, अपलोड केलं, आणि काही नाही, हा ठरलेला अनुभव. ड्रायव्हरची ओळ बदला, रुंदी १२८ आणि उंची १६० करा, पाच पिना लिहा, क्लॉक २७ मेगाहर्ट्झ ठेवा. एसटी७७३५च्या डेटाशीटनं एका आवर्तनाला किमान ६६ नॅनोसेकंद मागितलेत, म्हणजे जेमतेम १५ मेगाहर्ट्झ. २७ला बहुतेक काचा चालतात, त्यावर ताणलं की सुट्टे ठिपके आणि रेघा दिसायला लागतात. आणि ही फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेवा. लायब्ररी अपडेट झाली की तुमची फाईल पुसून मूळची येते, आणि काल चालणारा डबा आज का चालत नाही याचा उलगडा होत नाही.

आता या डिस्प्लेचं खरं दुखणं. बाहेरून एकसारखे दिसणारे नग आतून एकसारखे नसतात. काचेवरच्या संरक्षक फिल्मला ओढायला एक छोटी रंगीत जीभ असते: काळी, लाल किंवा हिरवी. अ‍ॅडाफ्रूटच्या लायब्ररीत सुरुवातीच्या ओळीत ‘ब्लॅकटॅब’, ‘रेडटॅब’, ‘ग्रीनटॅब’ असं जे लिहावं लागतं ते त्या जिभेवरूनच आलंय. ही जीभ फेकण्याआधी तिचा रंग बोर्डच्या पाठीवर मार्करनं लिहून ठेवा. हल्ली रंग आणि आतला माल जुळेलच असं नाही, पण सुरुवात तिथून होते.

फरक कशात पडतो? चिपच्या आतली मेमरी १३२ बाय १६२ ठिपक्यांची असते आणि काच १२८ बाय १६०ची. म्हणजे काच त्या मेमरीच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर बसवलीय हे लायब्ररीला सांगावं लागतं. हिरव्या टॅबच्या जातीत दोन स्तंभ आणि एक ओळ सोडून सुरुवात होते. अशा नगाला ‘ब्लॅकटॅब’ म्हटलं की चित्र तेवढं सरकतं आणि दोन कडांना झगमगत्या ठिपक्यांची बारीक किनार राहते. ती काही केल्या पुसली जात नाही, कारण तुमचा कोड तिथपर्यंत पोचतच नाही. काच खराब समजून परत पाठवू नका. एक शब्द बदला, किनार गेली.

लाल मागितला आणि निळा आला, पण हिरवा बरोबर आहे, तर लाल-निळ्याचा क्रम उलटलाय. टॅब बदलून बघा, टीएफटी-ईएसपीआयमध्ये आरजीबी-बीजीआरची ओळ बदला. काळा मागितला आणि पांढरा आला, पिवळ्याचा निळा झाला, तर क्रम नव्हे, सगळे रंगच उलटे झालेत; ‘इन्व्हर्ट’चा हुकूम द्या. ही दोन दुखणी वेगळी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लावून गोंधळ वाढतो. ओळखायची सोपी युक्ती: पडदा पूर्ण हिरवा करा. हिरवाच दिसला तर क्रमाचा प्रश्न, जांभळा-गुलाबी दिसला तर उलट्याचा. पिकोवर मायक्रोपायथन वापरणाऱ्यांना तिसरंच दिसतं: हिरव्यातसुद्धा घोळ. तिथं फ्रेमबफर प्रत्येक ठिपक्याचे दोन बाइट उलट क्रमानं ठेवतो, रंगाच्या आकड्यातले दोन्ही बाइट आधीच अदलाबदल करून द्यावे लागतात.

आणि नुसता पांढरा पडदा? बॅकलाइट लागला, बाकी काही नाही. याचा अर्थ चिपला सुरुवातीचे हुकूम पोचलेच नाहीत. क्रमानं पाहा: ए-झीरो, रीसेट, सीएस यांच्या वायरा आणि कोडमधले आकडे जुळतात का, एसडीए-एससीकेची अदलाबदल झालीय का, हेडरचं सोल्डर पक्कं आहे का, ग्राउंड एकच आहे का. पडदा पूर्ण अंधारा असेल तर आधी एलईडी पिनेला वीज आहे का ते बघा. डिस्प्ले अंधारात टॉर्च तिरकी धरून पाहिला तर चित्र अंधुक दिसतं. दिसलं तर बाकी सगळं बरोबर, फक्त दिवा नाही.

वेगाचं गणित साधं आहे. एका ठिपक्याला १६ बिट, त्यात लालला ५, हिरव्याला ६, निळ्याला ५. १२८ गुणिले १६० गुणिले १६ म्हणजे ३,२७,६८० बिट. उनोचा एसपीआय जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक पडदा भरायला निदान ४१ मिलिसेकंद. २७ मेगाहर्ट्झला १२. कागदावर उनोवरही सेकंदाला २४ पडदे निघतात, प्रत्यक्षात हिशोब करण्यात आणि अक्षरं काढण्यात त्यातलं बरंच जातं. मेमरीचं तर बघायलाच नको: एका पडद्याचं पूर्ण चित्र ४०,९६० बाइटचं आणि उनोची रॅम २ किलोबाइट. म्हणजे उनोवर पुढचं चित्र मागे तयार करून ठेवून एकदम टाकणं शक्यच नाही, जे काढायचं ते थेट काचेवर. ईएसपी३२कडे ५२० किलोबाइट, पिकोकडे २६४.

चाळीच्या डब्याला एवढ्या वेगाची गरज नाही, पण लुकलुक डोळ्यांना त्रास देते. ती बहुतेक एकाच कारणानं येते: प्रत्येक फेरीला आधी सगळा पडदा काळा करायचा आणि मग आकडा लिहायचा. तसं करू नका. अक्षराचा रंग देताना मागचा रंगही द्या, म्हणजे नवा आकडा जुन्याला पुसतच येतो. ९९.५ वरून ९.५ झालं की मागे एक अंक उरतो. टीएफटी-ईएसपीआयमध्ये त्यासाठी पॅडिंगची रुंदी ठरवून देता येते. अ‍ॅडाफ्रूटमध्ये मागचा रंग फक्त मूळच्या ठोकळेबाज अक्षरांना लागू होतो, वेगळा फॉन्ट लावला की नाही. तिथं आकड्यापुरता चौकोन पुसावा किंवा छोटा कॅनव्हास करून एकदम टाकावा. आकडा बदलला असेल तेव्हाच लिहा, ही अट तर हवीच.

मराठीत लिहायचं म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. अ‍ॅडाफ्रूटच्या साध्या सेटिंगवर ‘आर्द्रता’ असं छापायला सांगा. डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा हा शब्द मेमरीत आठ चिन्हांचा असतो: आ, र, हलन्त, द, हलन्त, र, त, काना. प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण २४. लायब्ररी प्रत्येक बाइटला एक अक्षर समजते आणि ग्रीक-स्पॅनिश वळणाची २४ चिन्हं ओकते. एक चिन्ह ६ ठिपके रुंद, १२८मध्ये बसतात २१; उरलेली तीन पुढच्या ओळीत सांडतात. आर्द्रतेची पार दैना.

टीएफटी-ईएसपीआयचे गुळगुळीत फॉन्ट देवनागरी चिन्हं ओळखतात, पण ती एकामागून एक नुसती मांडतात. जोडाक्षर बनवणं, रफार डोक्यावर नेणं, वेलांटी अक्षराच्या आधी आणणं हे त्यांचं काम नव्हे. ‘नाशिक’ लिहून पाहा. मेमरीत ऱ्हस्व वेलांटी ‘श’नंतर असते, पडद्यावरही ती ‘श’नंतरच काढली जाते, म्हणजे ‘क’च्या पुढ्यात येऊन बसते. वाचणारा वाचतो ‘नाशकि’. ‘आर्द्रता’त रफारही बनत नाही, हलन्त पाय खाली लोंबकळत राहतात.

यावर खात्रीचा उपाय एकच: शब्द संगणकावर काढून त्याचं चित्र करायचं. डब्यावर शब्द असतात पाच-सात: तापमान, आर्द्रता, ठीक, जास्त, कमी, सेन्सर बंद. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा मोकळा फॉन्ट जाड वजनात घ्या, बारीक वजनाच्या रेघा या काचेवर तुटतात. उंची २४ ठिपके ठेवा. काचेवर एक ठिपका सुमारे ०.२२ मिलिमीटरचा, म्हणजे शब्द सव्वापाच मिलिमीटर उंच. हाताच्या अंतरावरून नीट वाचता येतो. १६ ठिपक्यांत ‘र्द्र’चा गोळा होतो. मग काळ्या-पांढऱ्या चित्राचं बाइटच्या यादीत रूपांतर करायचं; ब्राउझरमध्ये चालणारं इमेज-टू-सीपीपी हे फुकट साधन त्यासाठी पुरतं. ७२ बाय २४ ठिपक्यांचा शब्द फक्त २१६ बाइट घेतो, सगळे शब्द मिळून दोन किलोबाइटसुद्धा होत नाहीत, उनोच्या फ्लॅशमध्येही मावतात. रुंदी आठच्या पटीत ठेवली की हिशोब सोपा जातो. शब्द उमटला पण प्रत्येक आठ ठिपक्यांची पट्टी आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर बिटांचा क्रम उलटा झालाय. साधनात तो बदला किंवा लायब्ररीतलं एक्स-बिटमॅपचं फंक्शन वापरा.

आकड्यांची अडचण नाही. ० ते ९ या अंकांना ना वेलांटी ना रफार, त्यामुळे देवनागरी अंक फॉन्टमध्ये घालून सरळ छापता येतात. मोठे, ४८ ठिपक्यांचे अंक आणि वर २४ ठिपक्यांचा शब्द, अशी मांडणी या काचेला शोभते.

एलईडी पिन थेट ईएसपी३२च्या पिनेला लावून उजेड कमी-जास्त करायचा मोह होतो. आधी मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून एलईडी आणि ३.३च्या मधे जोडा. काटा एक मिलिअँपिअरच्याही खाली राहिला तर बोर्डवर ट्रान्झिस्टर आहे, खुशाल थेट पिन लावा. वीस-तीसच्या घरात गेला तर पिनेवर सगळा बोजा पडतोय. मधे बीसी५५७ घाला, एमिटर ३.३ला, कलेक्टर एलईडीला, बेसला १ किलोओहम. मग पिन खाली केली की दिवा लागतो, उलटं डोकं ठेवावं लागतं. रात्री उजेड कमी केला की दिवसा पुन्हा वाढवायला विसरू नका, कारण ही काच दिवसा आधीच कमी पडते.

काच टीएन जातीची आहे. समोरून रंग छान, एका विशिष्ट बाजूनं तिरकं पाहिलं की काळ्याचा राखाडी आणि राखाडीचा उलटा होतो. भिंतीवर डोळ्यांच्या वर टांगणार असाल तर आधी हातात धरून वरून-खालून पाहा, चांगली बाजू खाली येईल असा डबा फिरवा आणि कोडमध्ये रोटेशन बदला. उन्हात काही दिसत नाही. दिंडोरीच्या बागेत मांडवाबाहेर लावलेला पडदा दुपारी आरशाचं काम करतो. निफाडची जानेवारीतली थंडी मात्र याला सोसते. मे महिन्यात पत्र्याखाली बंद डब्यात ठेवणं थंडीपेक्षा वाईट.

शेतावर आणि कारखान्यात एक दुखणं घरापेक्षा जास्त दिसतं. मोटरचा स्टार्टर पडला, रिले टकटकला, की पडदा पांढरा होतो किंवा चित्र विस्कटतं. ईएसपी३२ मात्र आपलं काम करत राहतो, वायफायवर आकडे जात असतात. कॉन्टॅक्टरच्या ठिणगीचा धक्का रीसेटच्या वायरीत किंवा पुरवठ्यात शिरतो, चिप रीसेट होते, आणि सुरुवातीचे हुकूम तिला पुन्हा कुणी देत नाही. डिस्प्लेच्या व्हीसीसी-ग्राउंडवर अगदी पिनांजवळ १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड, रीसेटवर ३.३कडे १० किलोओहम, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, डब्याला वेगळा चांगला अडॅप्टर. एवढं करूनही दर दहा मिनिटांनी डिस्प्लेची सुरुवात नव्यानं करून पडदा पुन्हा काढावा. बावळट वाटतं, पण या आठ पिनांत परतीची वेगळी वायर नाही. चिप जिवंत आहे का हे विचारायचा सोपा मार्ग नाही. फोन चार्जरची हलकी वायर वापरली की वेगळंच होतं. वायफाय पाठवताना ईएसपी३२ सहज २४० मिलिअँपिअर ओढतो, वर बॅकलाइट, आणि व्होल्टेज पडून सगळा बोर्डच रीस्टार्ट होतो. सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ दिसलं तर आधी वायर बदला.

एसडी कार्डाचा खाच हा बोनस आहे, फार अपेक्षा नको. त्याच्या चार पिना वेगळ्या आहेत, डिस्प्लेच्या पिनांशी आतून जोडलेल्या नाहीत. मोसी, क्लॉक सामायिक करून मिसो (कार्डाकडून परत येणारी डेटा लाइन) आणि वेगळी सीएस जोडावी लागते. कार्ड एफएटी३२, चित्र २४ बिट बीएमपी. पाच शब्दांच्या डब्याला याची गरज नाही.

याच पैशात किंवा थोडे घालून दुसरं काय घ्यावं? १.३ इंची चौकोनी एसटी७७८९, २४० बाय २४०, आयपीएस काच, कुठूनही पाहा रंग तेच. दिसायला याच्यापेक्षा कितीतरी सरस. पण त्याच्या स्वस्त बोर्डावर सीएस पिनच नसते, एसपीआय मोड ३ सांगावा लागतो, नाहीतर काळा पडदा. आणि त्याच वायरांवर दुसरं काही लावता येत नाही. २ इंची, २४० बाय ३२०चा एसटी७७८९ सीएस पिनेसह मिळत असेल तर भिंतीवरच्या डब्याला तोच घ्या. वायरांची कटकटच नको असेल तर पिवळा ईएसपी३२ बोर्ड, मागे ईएसपी३२ आणि पुढे २.८ इंची टचस्क्रीन एकत्र, बॅकलाइट २१ नंबरवर. त्याच्या दोन यूएसबीवाल्या आवृत्तीत कंट्रोलर वेगळा असतो आणि रंग उलटे येतात. मोकळ्या पिना फार थोड्या उरतात, सेन्सर जोडण्याआधी मोजून घ्या.

लाल बोर्डच घ्यायचा ठरला तर एकाच वेळी, एकाच लॉटमधले दोन घ्या. पुढच्या खेपेला त्याच दुकानात तोच बोर्ड तेच नाव लावून मिळेल, जीभ मात्र वेगळ्या रंगाची असेल.